निळी पेन्सिल आणि रक्षकांवरील विश्वास

'रक्षक' हा शब्द आपल्या नित्य परिचयाचा आहे. रात्री गस्त घालणारा पोलीस शिपाई, सीमेवर उभा असलेला सैनिक, पुराच्या वेळी होडी घेऊन येणारा जवान, साथीच्या दिवसांत दारोदार हिंडून लस टोचणारा आरोग्यखात्याचा माणूस, आणि या साऱ्यांना नेमणारे व पोसणारे सरकार, या सर्वांना आपण आपले रक्षक मानतो. यांपैकी बहुतेकांना आपण जन्मात कधी पाहिलेलेही नसते. असे असूनही संकट आले की आपण त्यांच्याकडेच धाव घेतो. हा विश्वास येतो कोठून? थोडा अनुभवातून येतो. परंतु त्याहून कितीतरी अधिक तो ऐकण्या-वाचण्यातून येतो. अमक्या गावी पोलिसांनी चोर पकडला, तमक्या ठिकाणी सैनिकांनी बुडत्यांस वाचविले, असे आपण वाचतो. तसेच अमक्या अधिकाऱ्याने लाच खाल्ली व त्यास शिक्षा झाली, हेही आपण वाचतो. या दोन्ही प्रकारच्या बातम्यांवर आपला विश्वास पोसला जातो, हे येथे ध्यानात धरावयाचे आहे.

आता अशी कल्पना करा की, रक्षकाविषयीची बातमी कोणती छापावयाची व कोणती नाही हे स्वतः रक्षकच ठरवू लागला. त्याच्या दोषांचा उल्लेख बंद झाला. गुणांचे वर्णन तेवढे रोज सकाळी येऊ लागले. सकृद्दर्शनी वाटेल की आता लोकांचा विश्वास वाढेल. सत्ताधाऱ्यांना नेहमी तसेच वाटत आले आहे. प्रत्यक्षात काय घडते हे पाहावयाचे असेल तर त्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. आपल्याच गोव्यावर १९६१ पर्यंत ज्या लिस्बनहून राज्य चालले, तेथील सालाझारशाहीचा इतिहास या दृष्टीने तपासून पाहण्यासारखा आहे. आमच्या पिढीने ती राजवट पाहिली नाही. ती पाहिलेली माणसे आता थोडी उरली आहेत. म्हणूनही तो इतिहास नीट समजून घेणे अगत्याचे वाटते.

पोर्तुगालात १९१० साली राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले. ते सोळा वर्षे कसेबसे टिकले. २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता हाती घेतली, आणि त्याच वर्षी वृत्तपत्रांच्या पूर्वतपासणीस प्रारंभ झाला. कुईंब्रा विद्यापीठात अर्थशास्त्र शिकविणारे प्राध्यापक आंतोनियो द ओलिव्हेरा सालाझार हे १९२८ मध्ये अर्थमंत्री आणि १९३२ मध्ये पंतप्रधान झाले. ते त्या पदावर तब्बल छत्तीस वर्षे राहिले. १९३३ साली त्यांनी देशास नवी घटना दिली. या घटनेत विचारस्वातंत्र्य दिलेले आहे. परंतु त्याच कलमात पुढे असेही आहे की, लोकमत बिघडू नये यासाठी खास कायदे करता येतील. त्याप्रमाणे त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये हुकूम निघाला. सत्य, न्याय, नीती, सुशासन व लोककल्याण यांविरुद्ध लोकमताची दिशाभूल करणाऱ्या गोष्टींपासून त्याचे रक्षण करणे एवढाच या तपासणीचा हेतू आहे, अशा आशयाचे शब्द त्यात आहेत. भाषा किती सोज्वळ आहे पाहा! मुलाने वाईट पुस्तक वाचू नये म्हणून काळजी करणाऱ्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाची ती भाषा वाटते. मात्र सत्य कोणते हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्याकडे होता, त्याच्याविरुद्धच बोलावयाचे असेल तर काय करावे, हे त्या हुकुमात कोठेही सांगितलेले नाही.

तपासणीची पद्धत अशी होती. वर्तमानपत्राची कच्ची मुद्रिते छपाईपूर्वी तपासणी-कचेरीत न्यावी लागत. तेथे बसणारे तपासनीस बहुतांशी लष्करी अधिकारी असत. त्यांच्या हातात निळी पेन्सिल असे. त्यामुळे 'निळी पेन्सिल' हाच त्या देशात सेन्सॉरचा पर्यायशब्द होऊन बसला. मजकूर मंजूर, काटछाट करून मंजूर, तूर्त थांबवावा, अजिबात छापू नये, असे शिक्के मारून कागद परत येत. येथे एक बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. कापलेल्या मजकुराची जागा कोरी सोडण्यास मनाई होती. कोरी जागा दिसली की वाचकास कळते, येथे काहीतरी होते. आणि तेवढे कळणेही नको होते. म्हणून ऐन वेळी एखादी निरुपद्रवी बातमी किंवा जाहिरात त्या भोकात कोंबावी लागे. बिचाऱ्या संपादकाचे अर्धे कसब असली ठिगळे लावण्यातच खर्च होत असावे!

राजकारणात जे लोकांना ठाऊक असते तेवढेच अस्तित्वात असते, अशा अर्थाचे एक विधान सालाझार यांनी १९३३ मध्ये सरकारी प्रचारखात्याच्या उद्घाटनप्रसंगी केले होते. निळ्या पेन्सिलीमागील सारे तत्त्वज्ञान त्या एका वाक्यात आले आहे. कोंबडे झाकून ठेवले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, हे आपल्याकडच्या कोणत्याही आजीबाईने त्यांस सांगितले असते.

आता गोव्याकडे वळू. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच आला, याचा आपणा सर्वांस अभिमान असतो. परंतु वृत्तपत्रासाठी गोमंतकास १८२१ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्या वर्षी निघालेले 'गाझेत द गोवा' हेही सरकारीच पत्र होते. 'ओ हेराल्दो' हे पोर्तुगीज दैनिक १९०० साली निघाले. खरी मोकळीक मिळाली ती १९१० च्या प्रजासत्ताकानंतर. केप्याचे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांनी १९१२ मध्ये 'भारत' पत्र सुरू केले. मराठीतून सरकारास चार खडे बोल सुनावणारे हे पत्र गोमंतकीय हिंदू समाजाचे मोठे आधारस्थान होते, आणि त्यापायी हेगडे देसाई यांना खटल्यांना तोंड द्यावे लागले. लुईस द मिनेझिस ब्रागांझा हे पोर्तुगीजमधून लिहीत. तरी आपल्या एका पत्राचे नाव त्यांनी 'प्रकाश' असे ठेवले होते. याच गृहस्थांनी १९३० साली गोव्याच्या विधिमंडळात गोमंतकीयांच्या स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला. सालाझारशाहीच्या जाचात त्यांचे पत्र टिकू शकले नाही. पुढे पुढे लग्नपत्रिकासुद्धा छापण्यापूर्वी मंजूर करून घ्यावी लागे, असे त्या काळातील लोकांनी लिहून ठेवले आहे. लग्नपत्रिकेत राज्य उलथण्याजोगे काय असते कोण जाणे; पण भीतीला तर्क नसतो, हे भीती घालणाऱ्यालाही लागू आहे.

१८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहिया यांनी मडगावात सभाबंदी मोडली व त्यांस अटक झाली, हा प्रसंग पाठ्यपुस्तकांतून तुम्ही वाचलाच आहे. त्यानंतर धरपकड वाढली. डॉ. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा देण्यात आली व पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात धाडण्यात आले. १९५१ साली घटनेत दुरुस्ती होऊन 'वसाहत' हा शब्दच काढून टाकण्यात आला. गोवा यापुढे 'सागरापलीकडील प्रांत' झाला. निळी पेन्सिल केवळ बातम्या खोडीत नव्हती, ती शब्दकोशही नव्याने लिहीत होती. वृत्तपत्रात गोवा हा पोर्तुगालचाच सुखी प्रांत होता. आणि वाचकाच्या शेजारच्या घरातील मुलगा मात्र पोलीस-कोठडीतून सुजलेल्या पायांनी परत आलेला असे. यांपैकी वाचकाने कशावर विश्वास ठेवावा?

त्या काळाविषयी वडीलधाऱ्या मंडळींच्या तोंडून जे ऐकावयास मिळते त्यात एक गोष्ट वारंवार येते. छापील कागदावरील बातमीस कोणी फारशी किंमत देत नसे. खरी बातमी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फेरीच्या धक्क्यावर, देवळाच्या सभामंडपात किंवा सकाळी पाव घेऊन येणाऱ्या पोदेराकडून मिळते, अशी लोकांची समजूत झालेली असे. आता तोंडोतोंडी येणारी बातमी नेहमी खरी असते असे मुळीच नाही. तिला वाटेत शिंगे फुटतात, शेपूट फुटते. पण तिची शहानिशा करण्याचे साधनच उरलेले नव्हते. पोलिसांनी एखादा खरा चोर पकडला तरी लोक म्हणावयाचे, 'चोर कसला, देशभक्त असेल!' ज्या रक्षकाविषयी वाईट छापता येत नाही, त्याच्याविषयीचे चांगलेही कोणी मनापासून मानीत नाही, याचा हा सरळ अनुभव होता. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत पोराने खोटी ओरड केली म्हणून गाव धावला नाही. येथे लांडगा नाहीच असे रोज ओरडणाऱ्याच्या बाबतीत तेच घडले.

या पोकळीत एक नवा आवाज शिरला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज सैनिकांनी गोळीबार केला. वीसहून अधिक सत्याग्रही धारातीर्थी पडले. भारताने सरहद्द बंद केली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरपासून सरहद्दीलगतच्या जंगलातून एक गुप्त नभोवाणी केंद्र बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ही दोन तरुण माणसे ते चालवीत. 'गोंयचे सोडवणेचो आवाज' असे त्याचे कोंकणी नाव. पोर्तुगीजमधूनही त्याचे कार्यक्रम होत. आंबोली, कॅसलरॉक अशा ठिकाणी, पाऊस, जळवा आणि श्वापदे यांच्या संगतीत सहा वर्षे हे काम चालले. गोव्याच्या वृत्तपत्रांत ज्यांचा मागमूस नसे अशा आशिया व आफ्रिकेतील स्वातंत्र्यचळवळींच्या वार्ता ते सांगे. पोर्तुगीज भाषेची योजना मुद्दाम होती, कारण ऐकणाऱ्यांत पोर्तुगीज शिपाईही असत. ज्याच्या हाती बंदूक दिलेली आहे, त्यालाही त्याचे सरकार खरी बातमी देत नव्हते!

अर्थात हे केंद्र एका पक्षाचे होते, हे विसरून चालणार नाही. ते गोवा-मुक्तीसाठी चालविलेले होते, तटस्थ वार्ता देण्यासाठी नव्हे. तरीही लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, कारण त्याच्या सांगण्यातील निदान काही भाग श्रोत्यास स्वतःच्या गावात पडताळून पाहता येत होता, आणि ज्याविषयी सरकारी वाणी मूक असे त्याविषयी ते बोलत होते.

डिसेंबर १९६१ उजाडला. ९ तारखेच्या सुमारास तिमोरहून लिस्बनला निघालेली 'इंडिया' नावाची आगबोट मुरगाव बंदरात लागली. कोणासही चढू देऊ नये अशी लिस्बनची ताकीद होती. गव्हर्नर-जनरल व्हासालो इ सिल्वा यांनी ती मानली नाही. ३८० उतारूंच्या त्या बोटीतून सुमारे ७०० युरोपीय नागरिक, त्यांत बायकामुले पुष्कळ, त्यांनी रवाना केले. राज्य अभंग आहे असे कागदावर कितीही छापा. धक्क्यावरील पेट्या-बोचकी पाहणाऱ्यास जे कळावयाचे ते कळते. १४ डिसेंबरला सालाझार यांनी गव्हर्नरांस संदेश धाडला. त्याचा मथितार्थ असा की, शरणागती नको. पोर्तुगीज सैनिक व खलाशी विजयी तरी व्हावेत किंवा मरून तरी पडावेत. हा हुकूम देणारे गृहस्थ स्वतः हजारो मैलांवर सुखरूप बसले होते, आणि ज्यांनी मरावयाचे त्यांच्याजवळ ना पुरेशी शस्त्रे होती ना विमाने. १८ डिसेंबरच्या पहाटे भारतीय सेना आत शिरली. दाभोळीचा विमानतळ आणि बांबोळीचे बिनतारी केंद्र यांवर बाँब पडले. १९ डिसेंबरच्या संध्याकाळी गव्हर्नरांनी शरणागती पत्करली. उभय पक्षांचे मिळून पन्नासच्या आसपास सैनिक कामी आले. पणजी जळली नाही, मडगाव उद्ध्वस्त झाले नाही. सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी विमानातून ध्वनिक्षेपकावर गोवेकरांस मुक्तीची वार्ता सांगितली.

आणि लिस्बनमध्ये? तेथील वृत्तपत्रांत घनघोर लढाईची वर्णने छापून येत होती. पोर्तुगीज वीर हातघाईवर आले आहेत असे वाचून लोक देवळांत प्रार्थना करीत होते. जे सैनिक मेले असे समजून घरोघरी आक्रोश चालला होता, ते तीन हजारांवर सैनिक गोव्यात युद्धकैदी म्हणून जिवंत होते. मे १९६२ मध्ये ते मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागतास तुताऱ्या वाजल्या नाहीत; मेलेली माणसे जिवंत परत आली हा जणू त्यांचाच अपराध ठरला. १९६३ साली व्हासालो इ सिल्वा व इतर काही अधिकारी सेनेतून बडतर्फ झाले. निरर्थक लढाईत आपल्या शिपायांचा व गोव्याच्या रयतेचा बळी देण्यास नकार देणारा तो सेनापती. आमच्या मते त्या साऱ्या प्रकरणात 'रक्षक' या नावास सर्वांत अधिक पात्र असलेला पोर्तुगीज तोच होता. पण त्याची बाजू छापण्यास देशातील एकही वृत्तपत्र मोकळे नव्हते. त्याच्या जागी आपण असतो तर काय झाले असते, हा प्रश्न मात्र पोर्तुगीज सेनेतील अनेक तरुण अधिकाऱ्यांच्या मनात घर करून राहिला. या प्रश्नाचे पुढे काय झाले ते ओघाने येईलच.

येथे एका गोष्टीचा स्पष्ट उल्लेख करणे न्यायाचे आहे. त्या डिसेंबरात आपल्याकडील वृत्तपत्रांनीही पोर्तुगीज सैन्याच्या जमवाजमवीची अवाढव्य वर्णने केली होती. प्रत्यक्षात ते सैन्य चार हजारांच्या आसपास होते. आपल्या कारणाचा न्याय्यपणा त्यामुळे उणा होत नाही. परंतु न्याय्य कारणासही फुगविलेल्या बातमीची गरज भासावी, हे काही भूषण नव्हे.

गोव्यातील पोलीस खात्यात काझिमिरो मोंतेरो नावाचा एक इसम होता. 'आजंट मोंतेरो' हे नाव उच्चारले तरी त्या काळी माणसे दचकत. कैद्यांच्या छळासाठी तो कुप्रसिद्ध होता. गोवा मुक्त झाल्यावर तो पोर्तुगीज गुप्त पोलिसांच्या कामी आला. या गुप्त पोलिसांस 'पीडे' म्हणत. हे त्यांच्या लांबलचक नावातील आद्याक्षरांवरून झालेले रूप. त्या नावात 'राज्याचे संरक्षण' हे शब्द आहेत. मराठी कानास 'पीडे' ऐकून जे वाटते ते योगायोगाने अगदी यथार्थ आहे! जनरल हुंबेर्तो देल्गादो यांनी १९५८ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत सालाझार यांस उघड आव्हान दिले होते: आपण निवडून आलो तर त्यांना बडतर्फ करू, असे त्यांनी जाहीर सांगितले. निकाल अर्थातच सरकारी उमेदवाराच्या बाजूने लागला, आणि पुन्हा असा प्रसंग नको म्हणून सरकारने लोकांनी थेट मत देऊन राष्ट्राध्यक्ष निवडण्याची पद्धतच रद्द केली. देल्गादो देशाबाहेर गेले. १३ फेब्रुवारी १९६५ रोजी पीडेच्या माणसांनी त्यांना स्पेनच्या सरहद्दीजवळ फसवून बोलाविले. गोळी घातली ती मोंतेरोने. त्यांच्या सचिव बाईंनाही ठार करण्यात आले. एप्रिलमध्ये प्रेते सापडली, तेव्हा हे विरोधकांच्या आपसांतील वैरातून घडले, असे पोर्तुगीज सरकार सांगू लागले. वृत्तपत्रांना दुसरे काही छापता येत नव्हते. लोकांना मात्र गुन्हेगार कोण हे सांगावे लागले नाही. पुरावा कोणाजवळ नव्हता. पण ज्यांच्याविषयी काही विचारण्यास बंदी असते, संशय नेमका त्यांच्याकडेच जातो. १९७४ नंतर चाललेल्या खटल्यात मोंतेरो गैरहजेरीत दोषी ठरला.

तरीसुद्धा आम्हांस सर्वांत बोधप्रद वाटते ती घटना राजकारणाची नाही, पावसाची आहे. २५ नोव्हेंबर १९६७ च्या रात्री लिस्बनच्या परिसरात काही तासांत प्रचंड पाऊस कोसळला. ओढ्यानाल्यांच्या काठी खेड्यांतून पोट भरण्यास आलेल्या गरिबांची खोपटी होती. ओदिव्हेलास, लोरेश, व्हिला फ्रांका द शिरा या भागांत पाणी घुसले आणि झोपेतली माणसे चिखलात गाडली गेली. किंताश नावाच्या एका लहानशा वस्तीत तर शंभराच्या आसपास माणसे दगावली. पाऊस सालाझार यांनी पाडला नव्हता. सरकारने झाले ते मोकळेपणाने सांगितले असते तर लोकांनी कदाचित त्यास फार दोषही दिला नसता. परंतु मृतांचा आकडा वाढू लागला तशी निळी पेन्सिल पुढे सरसावली. प्रसंगाचे वर्णन हळूहळू सौम्य करीत न्यावे, शवपेट्यांची चित्रे छापू नयेत, प्रेतांच्या दुर्गंधीचा उल्लेख नको, अशा सूचना वृत्तपत्रांस जाऊ लागल्या. सरकारी आकडा साडेचारशेच्या थोडा पुढे जाऊन थांबला. सातशेच्या आसपास माणसे मेली असावीत असे पुढे अभ्यासकांनी दाखविले आहे.

एवढी माणसे का मेली? ओढ्याकाठी खोपटी का होती? ती बांधणाऱ्यांना दुसरी जागा का मिळत नव्हती? हे प्रश्न छापील कागदावर येऊ नयेत, हा त्या सूचनांचा खरा हेतू. पण झाले उलटे. लिस्बनच्या विद्यापीठांतील व शाळांतील हजारो विद्यार्थी, तुमच्याहून थोडीच मोठी मुले, फावडी-बादल्या घेऊन चिखल उपसावयास गेली. त्यांत सुखवस्तू घरांतील मुले पुष्कळ होती. आपल्या राजधानीपासून घटकाभराच्या अंतरावर माणसे कशी राहतात हे त्यांनी प्रथमच पाहिले. दिवसभर प्रेते काढावयाची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात परिस्थिती आटोक्यात आल्याचे वाचावयाचे! त्या मुलांनी स्वतःची पत्रके काढून पाहिलेले लिहिले. सालाझारशाहीवरचा आपला उरलासुरला विश्वास त्या चिखलात गेला, असे त्यांतील अनेकांनी नंतर सांगितले आहे. बातमी दाबल्याने आपत्ती लहान झाली नाही. आपत्तीत मदतीस येणाऱ्या सरकारी यंत्रणेविषयीचा जो काही आदर मिळाला असता, तेवढा मात्र गमावला गेला.

हा सारा परकी लोकांचा इतिहास आहे, आपला त्याच्याशी १९६१ नंतर संबंध संपला, असे कोणी म्हणेल. तसे म्हणता येत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री आपल्या देशात आणीबाणी पुकारली गेली, दिल्लीतील वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांची वीज तोडली गेली आणि पूर्वतपासणी लागू झाली. 'इंडियन एक्स्प्रेस'ने २८ जून रोजी अग्रलेखाची जागा कोरी सोडली. पुढे कोरी जागा सोडण्यासही बंदी आली. म्हणजे लिस्बनचा नियम दिल्लीने शोधून काढला! फेब्रुवारी १९७६ मध्ये चार वृत्तसंस्था एकत्र करून 'समाचार' ही एकच संस्था उभी करण्यात आली. सक्तीच्या कुटुंबनियोजनाची खरी बातमी छापता येत नव्हती; तेव्हा तिच्या जागी अफवा आल्या. शाळेत मुलांना टोचतात ती लस नव्हे, नसबंदीचे औषध आहे, अशा समजुतीने उत्तरेत काही ठिकाणी आईबापांनी मुलांस शाळेत धाडणे बंद केले. शिक्षकांवरही नसबंदीचे आकडे पुरे करण्याची सक्ती झालेली असल्यामुळे शाळामास्तर दिसला की माणसे शेतात पळत. आम्ही स्वतः शिक्षक आहोत. हे वाचताना लाज वाटते. वैद्य, शिक्षक आणि पोलीस, तिघेही रक्षक. पण एकाचा अपराध झाकला की तिघांवर संशय येतो. आणीबाणीतही सत्ताधाऱ्यांस खरे लोकमत कळेनासे झाले होते, हे मार्च १९७७ च्या निवडणुकीत दिसून आले.

सालाझार यांच्या बाबतीत तर दैवाने मोठा चमत्कारिक न्याय केला. ऑगस्ट १९६८ मध्ये खुर्चीवरून पडल्याचे निमित्त होऊन ते आजारी झाले. सप्टेंबरात मार्सेलो कायतानो पंतप्रधान झाले. परंतु हे म्हाताऱ्यास सांगण्याचे धैर्य कोणास झाले नाही. आपणच अद्याप देश चालवीत आहोत अशा समजुतीत जुलै १९७० मध्ये त्यांचा अंत झाला. जुने मंत्री येऊन त्यांच्यापुढे राज्यकारभाराच्या गोष्टी करीत बसत. छत्तीस वर्षे ज्यांनी एका राष्ट्रास कापलेल्या बातम्या पुरविल्या, त्यांना अखेरची दोन वर्षे तशाच बातम्यांवर काढावी लागली.

कायतानो यांनी पूर्वतपासणीचे नाव बदलून 'पूर्वपरीक्षण' असे ठेवले. पेन्सिल तीच राहिली. आफ्रिकेत अंगोला, गिनी व मोझांबिक येथे १९६१ पासून एकामागून एक युद्धे पेटली होती आणि घरी वृत्तपत्रांत सर्व आलबेल होते. गिनीत पराभव समोर दिसू लागला, तेव्हा तेथील अधिकाऱ्यांस गोव्याची आठवण होऊ लागली. उद्या आपण हरलो तर सरकार आपल्यालाही व्हासालो इ सिल्वाप्रमाणे भित्रे ठरवील, आणि आपली बाजू छापणारा कोणी नसेल, ही धास्ती त्यांच्या मनात होती. राज्याचे रक्षण करणाऱ्यांचाच राज्यावरील विश्वास असा ढासळला.

२५ एप्रिल १९७४ च्या मध्यरात्रीनंतर लिस्बनच्या एका नभोवाणी केंद्रावरून एक गीत लागले. बंड करणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांनी ठरविलेली ती खूण होती. पहाटे त्यांनी दुसरे नभोवाणी केंद्र ताब्यात घेतले आणि तेथून आपले निवेदन वाचण्यास सुरुवात केली. नागरिकांनी घरातच राहावे अशी विनंती ते पुन्हा पुन्हा करीत होते. लोकांनी ती मुळीच ऐकली नाही. हजारोंच्या झुंडी रस्त्यांवर आल्या, रणगाड्यांभोवती गोळा झाल्या, शिपायांच्या बंदुकांच्या नळ्यांत तांबडी कार्नेशनची फुले खोवू लागल्या. अठ्ठेचाळीस वर्षांच्या हुकूमशाहीत ज्या गणवेशाची भीती बाळगली, त्याच गणवेशावर त्या सकाळी लोकांनी विश्वास टाकला. गुप्त पोलिसांच्या कचेरीतून मात्र जमावावर गोळ्या सुटल्या व चार नागरिक मरण पावले. संध्याकाळपर्यंत कायतानो शरण आले होते. त्या दिवशीच्या 'रेपूब्लिका' पत्राच्या पहिल्या पानावर एक तांबडी चौकट होती: या अंकाची कोणत्याही तपासणी-मंडळाने तपासणी केलेली नाही, असे तीत छापले होते.

नव्या सरकारने व्हासालो इ सिल्वा यांस त्यांचा लष्करी दर्जा परत दिला. पुढे ते एकदा गोव्यात येऊन गेले. ज्या गोमंतकीयांच्या भूमीवर त्यांनी परकी सत्तेचा शेवटचा अधिकारी म्हणून राज्य केले होते, त्यांनी त्यांचे मनापासून स्वागत केले.